मुलीला कोणता खेळ मानवेल?

विज्ञानाच्या कार्यक्रमांसाठी शाळांमध्ये जाणे झाले की विज्ञानाशी वरवर संबंध नसलेला एक प्रश्न आम्हांला हटकून विचारला जातो. पालक विचारतात, "मुलीला एखाद्या खेळात घालायचे आहे, पण तिला कोणता खेळ मानवेल हे ओळखायचे कसे?" शिक्षकांचा प्रश्न थोडा वेगळा असतो. वर्गात चाळीस मुली आहेत, तालुक्याच्या स्पर्धा तोंडावर आल्या आहेत. संघात कोणाला घ्यायचे आणि उरलेल्यांचे काय करायचे?

व्यवहारात या प्रश्नाचे उत्तर झटपट दिले जाते. मुलगी उंच असली की व्हॉलीबॉल, काटक असली की धावणे, अंगाने भरलेली असली की गोळाफेक. आणि शाळेच्या शर्यतीत मागे पडली की "हिला खेळात गती नाही". हे शेवटचे वाक्य साधारणपणे अकराव्या ते तेराव्या वर्षी उच्चारले जाते आणि पुष्कळदा ते कायमचे ठरते. मुलगी मैदानाच्या कडेला बसून इतरांची दप्तरे सांभाळते. पुढच्या वर्षी ती खेळायला मागत नाही आणि आपणही तिला विचारत नाही.

अकरा ते चौदा या वयात दिसणारी कामगिरी मुलीच्या अंगभूत कुवतीविषयी फार थोडे सांगते, हे या लेखात आम्हांला दाखवायचे आहे. त्या कामगिरीत निदान चार गोष्टींची सरमिसळ असते : जन्माचा महिना, वाढीची वेळ, रक्तातले लोह आणि आजवर मिळालेला सराव. म्हणून आजच्या मोजमापावरून खेळ ठरवणे हे शास्त्रीय वाटले तरी शास्त्रीय नाही. त्याऐवजी काय करता येईल, तेही शेवटी पाहू.

अकरा महिन्यांचे अंतर

एकाच इयत्तेतल्या दोन मुली घेऊ. एकीचा जन्म जानेवारीतला, दुसरीचा त्याच वर्षीच्या डिसेंबरातला. वयोगट जन्मवर्षाने ठरत असेल तर दोघी एकाच गटात येतात. पण पहिली अकरा वर्षांची होते तेव्हा दुसरी जेमतेम दहा वर्षांची असते. अकरा महिने म्हणजे पहिलीच्या आजवरच्या आयुष्याचा सुमारे बारावा भाग. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंची सहज वाढते. म्हणजे दोघींच्या प्रकृतीत काहीही फरक नसला तरी पहिली मुलगी उंच, वजनदार आणि वेगवान दिसणार.

हा फरक किती दूर पोचतो, ते १९८५ साली कॅनडात लक्षात आले. रॉजर बार्न्स्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बर्फावरच्या हॉकीतील खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. तिथे वयोगट १ जानेवारीपासून मोजला जात असे. वरच्या पातळीवरील संघांमध्ये जानेवारी ते मार्च या महिन्यांत जन्मलेले खेळाडू ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा खूपच जास्त निघाले. याचे कारण सरळ आहे. लहानपणी थोडी मोठी असलेली मुले निवडली गेली, निवडल्यामुळे त्यांना अधिक सराव आणि चांगले प्रशिक्षक मिळाले, आणि काही वर्षांनी ती खरोखरच सरस ठरली. पुढे अनेक देशांत आणि अनेक खेळांत हाच प्रकार दिसला. मुलींच्या बाबतीत त्याचा जोर कमी आढळतो, पण तो असतो.

आपल्याकडे शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. चौदाखालील गटात बारा वर्षांची मुलगी आणि चौदावे पुरे व्हायला आलेली मुलगी शेजारीशेजारी उभ्या राहतात. इथे तर अंतर दोन वर्षांचे होते.

वाढीचे घड्याळ

जन्मतारीख अगदी एक असली तरी प्रश्न सुटत नाही, कारण प्रत्येक शरीराचे वाढीचे घड्याळ निराळे चालते. फ्रान्समधील माँबेयार नावाच्या गृहस्थांनी १७५९ ते १७७७ या काळात आपल्या मुलाची उंची जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत, साधारण दर सहा महिन्यांनी मोजून ठेवली. या नोंदींवरून दर वर्षी किती उंची वाढली याचा आलेख काढला, तर तो पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरतो, मग बराच काळ हळूहळू उतरत राहतो आणि पौगंडावस्थेत पुन्हा एकदम वर चढतो. या चढाला वाढीचा झपाटा म्हणता येईल.

मुलींमध्ये हा झपाटा सरासरीने बाराव्या वर्षाच्या आसपास टोकाला पोचतो. तेव्हा उंची वर्षाला सात-आठ सेंटिमीटरने वाढते. मुलग्यांत तो सुमारे दोन वर्षे उशिरा येतो. म्हणून सहावी-सातवीत मुली मुलग्यांपेक्षा उंच दिसतात. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, ही केवळ सरासरी आहे. काही मुलींत हा टोकाचा काळ दहाव्या वर्षी येतो, काहींत चौदाव्या. दोन्ही वाढी निरोगीच असतात.

याचा परिणाम असा, की बारा वर्षांच्या वर्गात एखाद्या मुलीची बहुतेक वाढ झालेली असते, तर तिच्या शेजारणीची सुरूही व्हायची असते. आज पहिली उंच आहे म्हणून तिला बास्केटबॉलला घातले आणि दुसरीला परत पाठवले, तर चार वर्षांनी दुसरीच अधिक उंच झालेली दिसू शकते. ठोकताळाच हवा असेल तर आईवडिलांच्या उंचीची बेरीज करावी, त्यातून १३ सेंटिमीटर वजा करावेत आणि उरलेल्याचे निम्मे करावे. मुलीची पूर्ण वाढ झालेली उंची या आकड्याच्या आसपास येते. मात्र ती आठ-नऊ सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकते, हे विसरू नये.

उंची दहा टक्क्यांनी वाढली तर

वाढीमुळे केवळ आकार बदलतो असे नाही. कोणता खेळ सोपा आणि कोणता अवघड, हेही बदलते. हे समजायला आठवी-नववीचे गणित पुरते. समजा, एक मुलगी १४० सेंटिमीटर उंच आणि ३० किलोग्रॅम वजनाची आहे. दोन वर्षांत तिची उंची १५४ सेंटिमीटर झाली, म्हणजे दहा टक्क्यांनी वाढली. शरीराची ठेवण तीच राहिली असे धरू. मग आकडे असे येतात :

वजन हे लांबी, रुंदी आणि जाडी या तिन्हींवर अवलंबून असते. ते १.१ × १.१ × १.१ = १.३३ पट होईल, म्हणजे सुमारे ४० किलोग्रॅम.

स्नायूचा जोर त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. तो १.१ × १.१ = १.२१ पट होईल.

म्हणजे वजनाच्या मानाने जोर १.२१ ÷ १.३३, सुमारे ०.९१ पट राहिला. तो नऊ टक्क्यांनी घटला.

गिरकी किंवा कोलांटी घेताना शरीराचा जो विरोध होतो, तो वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग या प्रमाणात असतो. तो १.३३ × १.२१ = १.६१ पट होईल.

आता ही मुलगी दोरीच्या मल्लखांबावर जाते असे समजा. तिथे स्वतःचेच वजन उचलायचे आणि स्वतःचेच अंग फिरवायचे. काल सहज जमणारी पकड आज सुटू लागते. सराव तोच, मन लावणे तेच, पण कामगिरी उतरते. पालकांना वाटते हिचे लक्ष उडाले. प्रशिक्षकांना वाटते हिने आळस केला. तिच्या शरीराने मात्र फक्त भूमितीचा नियम पाळलेला असतो.

हीच मुलगी गोळाफेकीला गेली तर? गोळ्याचे वजन वाढलेले नाही. तिचा जोर १.२१ पट झाला आणि हात १.१ पट लांब झाला. बल गुणिले अंतर म्हणजे कार्य. तेव्हा ती गोळ्याला १.३३ पट ऊर्जा देऊ शकते. इथे ती 'अचानक चमकली' असे म्हटले जाईल.

खरे शरीर इतके नेमके सगळ्या दिशांनी सारखे वाढत नाही. पाय आधी लांबतात, धड मागून वाढते, स्नायूंचा जोर उंचीच्या थोडा मागून येतो. मुलींच्या शरीरात या काळात मेदाचे प्रमाणही वाढते आणि कंबर रुंदावते. म्हणून काही मुलींचा तोल वर्षभर बिघडल्यासारखा वाटतो, धावण्याची वेळ सुधारेनाशी होते. हा टप्पा तात्पुरता असतो आणि नेमक्या याच टप्प्यावर पुष्कळ मुली खेळ सोडतात. "आता तुला जमत नाही" असे म्हणण्याऐवजी "तू वाढते आहेस, वर्षभर आकड्यांकडे बघू नकोस" एवढे सांगितले तरी फरक पडतो.

लवकर दमणारी मुलगी

तिसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे दहातल्या जवळजवळ सहा. याचा खेळाशी संबंध काय, ते पाहू.

एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलीटर ऑक्सिजन वाहून नेते. १०० मिलिलीटर रक्तात १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असेल तर ते रक्त सुमारे १६ मिलिलीटर ऑक्सिजन नेईल. ९ ग्रॅम असेल तर १२ मिलिलीटर, म्हणजे थेट चौथाई कमी. बसल्या जागी ही तूट कळत नाही, कारण हृदय थोडे जलद चालून ती भरून काढते. धावताना मात्र हृदय आधीच वेगाने चालत असते. तिथे तूट उघडी पडते. मैदानाला दोन फेऱ्या मारून खाली बसणारी मुलगी आळशी असते किंवा तिला दमसासाचे खेळ मानवत नाहीत, असे म्हणण्यापूर्वी तिच्या रक्ताची तपासणी झालेली असावी. बारा वर्षांवरील मुलींमध्ये १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय समजतात.

शाळांतून आठवड्याला एकदा दिली जाणारी लोहाची निळी गोळी शिक्षकांच्या परिचयाची आहे. ती मुलींनी जेवणानंतर खरोखर घेतली की नाही, याकडे लक्ष देणे हेही क्रीडाशिक्षणच आहे. गोळी चहाबरोबर घेऊ नये, कारण चहातील द्रव्यांमुळे लोह कमी शोषले जाते. रक्तक्षय निघाल्यास उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावेत.

जनुके काही सांगतात का?

हे सगळे बाजूला काढल्यावर अंगभूत फरक उरतातच. आपल्या स्नायूंत दोन मुख्य प्रकारचे तंतू असतात. सावकाश आकुंचन पावणारे तंतू न दमता बराच वेळ काम करतात. जलद तंतू क्षणात मोठा जोर लावतात आणि लवकर थकतात. सामान्य माणसाच्या मांडीत दोन्ही जवळपास निम्मे-निम्मे असतात, उत्तम लघुधावकांत जलद तंतू अधिक, लांब पल्ल्याच्या धावकांत सावकाश तंतू अधिक. हे प्रमाण काही अंशी आनुवंशिक असते.

२००३ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांना 'एसीटीएन-थ्री' या जनुकाविषयी एक लक्षणीय गोष्ट आढळली. हे जनुक जलद तंतूंतील एक प्रथिन बनवते. जगातील पाचांपैकी जवळपास एका माणसात ते प्रथिन मुळीच तयार होत नाही, आणि वेगाच्या खेळांतील अव्वल खेळाडूंत अशी माणसे क्वचितच सापडतात. त्यावरून मुलांची लाळ तपासून 'योग्य खेळ' सांगणाऱ्या चाचण्या बाजारात आल्या. पण एक जनुक कामगिरीतला अगदी लहानसा हिस्सा ठरवते. ज्यांच्यात हे प्रथिन आहे अशी कोट्यवधी माणसे आहेत, आणि त्यांतली बहुतेक धावपटू नाहीत. २०१५ मध्ये या विषयातील तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने निवेदन काढून स्पष्ट केले, की मुलांमधील गुणवत्ता हेरण्यासाठी अशा चाचण्यांचा उपयोग करू नये. पालक विचारायला आले तर शिक्षकांनी त्यांना हे अवश्य सांगावे. त्या पैशांत चांगले बूट येतील.

मग करायचे काय?

मोजून ठरवता येत नसेल तर खेळवून पाहावे, आणि एकाच नव्हे तर अनेक प्रकारांत. खेळ शेकडो असले तरी शरीराकडून ते जे मागतात त्यावरून त्यांचे थोडेच गट पडतात. लांब पल्ल्याचे धावणे, सायकल, पोहणे हे दमसासाचे खेळ. लघुधाव, उड्या, फेकी हे क्षणिक जोराचे. मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स, योगासने हे तोलाचे. नेमबाजी, तिरंदाजी हे स्थिरतेचे. क्रिकेट, हॉकी, बॅडमिंटन हे चेंडू-फुलाचा अंदाज बांधण्याचे. कबड्डी, कुस्ती, ज्यूदो हे झटापटीचे. खो-खोत चपळाई, हुलकावणी आणि साथीदाराशी मेळ असे सगळेच लागते. शाळेत साधने नसली तरी प्रत्येक गटातला एखादा खेळ बसवता येतो. लंगडी, लगोरी, आट्यापाट्या यांनाही फारसा खर्च लागत नाही. वर्षभरात प्रत्येक गटाला सहा-आठ आठवडे दिले, तर दोन वर्षांत मुलीला स्वतःलाच बरेच कळते.

या काळात काय पाहावे? ती पहिली आली का, हे नको. तास संपल्यावरही ती खेळत राहते का? स्वतःच्याच पहिल्या आकड्यापेक्षा ती आठ आठवड्यांत किती पुढे गेली? हरल्यावर पुन्हा तोच खेळ मागते का? तिला सोबत हवी असते की एकटीने करायला आवडते? या प्रश्नांची उत्तरे जन्मतारखेवर आणि वाढीच्या वेळेवर फारशी अवलंबून नसतात, म्हणून ती अधिक विश्वासार्ह आहेत.

यात वेळ वाया जातो, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर उपलब्ध आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात सहा हजारांहून अधिक खेळाडूंची माहिती एकत्र केली होती. कुमार गटात चमकणारे खेळाडू बहुधा एकाच खेळात लवकर उतरलेले होते. पण प्रौढपणी जागतिक पातळीवर पोचलेल्यांनी लहानपणी अनेक खेळ खेळलेले होते आणि मुख्य खेळ त्यामानाने उशिरा धरला होता. जिम्नॅस्टिक्ससारख्या काही खेळांत लवकर सुरुवात लागते, हे खरे. पण तो सर्वसाधारण नियम नव्हे.

ओळखीची उदाहरणेही आहेत. मेरी कोम मुष्टियुद्धाकडे वळण्यापूर्वी शाळेत मैदानी खेळ खेळत असे. २०१२ मध्ये लंडनला तिने ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. सातारा जिल्ह्यातील मोहीची ललिता बाबर आधी मॅरेथॉन धावत होती. नंतर अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतीकडे वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत दहावी आली. कोल्हापूरच्या राही सरनोबतने बंदूक प्रथम हाती धरली ती शाळेतल्या एन.सी.सी.मध्ये, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिला पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळाले. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज क्रिकेटबरोबर हॉकीही खेळत मोठी झाली.

ब्रिटनमध्ये २००७ साली उंच तरुण-तरुणींना बोलावून त्यांना नव्या खेळांत आणण्याची मोहीम निघाली. त्यातून आलेल्या हेलन ग्लोव्हरने २००८ मध्ये प्रथम वल्हे हातात घेतले आणि २०१२ मध्ये नौकानयनात सुवर्णपदक जिंकले. इथे मोजमापावरून निवड झाली आणि ती फळली, कारण तेव्हा ती विशी ओलांडलेली होती. तिची उंची आता बदलणार नव्हती आणि लहानपणी ती इतर खेळ भरपूर खेळलेली होती. तेच मोजमाप बारा वर्षांच्या मुलीवर लावणे वेगळे.

आणखी एक गोष्ट. 'तिला खेळ मानवत नाही' याचा अर्थ कित्येकदा शाळेत स्वच्छतागृहाला कडी नाही, पाळीच्या दिवसांत सवलत मागायला कोणी बाई नाहीत, सराव संपेपर्यंत शेवटची एस.टी. निघून जाते, असाही असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल हवी. २०१६ सालच्या जागतिक आकडेवारीत ११ ते १७ वयाच्या ८५ टक्के मुलींना ती मिळत नसल्याचे दिसले. मुलग्यांत हे प्रमाण ७८ टक्के होते. तेव्हा पदक मिळो न मिळो, प्रत्येक मुलीला मानवेल असा एखादा खेळ सापडणे ही तिच्या आरोग्याची गरज आहे.

वर्गात करण्याजोगे

भिंतीवर पट्टी चिकटवून दर सहा महिन्यांनी प्रत्येकीची उंची मोजावी. मोजणी नेहमी सकाळी करावी, कारण दिवसभरात मणक्यांमधील चकत्या दबून उंची सुमारे एक सेंटिमीटरने कमी होते. दोन मोजण्यांतला फरक दुप्पट केला की वर्षाचा वेग मिळतो. प्रत्येकीने आपला आलेख आपल्या वहीत काढावा; तो वर्गात जाहीर करू नये.

दुसरा प्रयोग प्रतिसादाच्या वेळेचा. एकीने ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरून न सांगता सोडावी, दुसरीने खाली बोटांत पकडावी. २० सेंटिमीटरवर पकडली तर वेळ ०.२० सेकंद, १५ सेंटिमीटरवर ०.१७ सेकंद; दुप्पट अंतराला गुरुत्व त्वरणाने भागून वर्गमूळ काढले की हे आकडे येतात. हाच प्रयोग रोज दहा वेळा, दोन आठवडे करावा. पहिल्या दिवशीचा क्रम आणि चौदाव्या दिवशीचा क्रम शेजारीशेजारी लिहावेत. क्रम किती बदलला हे मुलींनीच मोजावे. सरावाचा वाटा किती असतो, यावर वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.

आणि एक विनंती. संघाची यादी लावताना न निवडलेल्या मुलींचीही एक यादी शिक्षकांनी स्वतःजवळ ठेवावी, नावापुढे जन्मतारीख आणि उंची लिहून. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली की मैदानावर पहिली हाक त्या यादीतल्या मुलींना मारावी.